इव्हॅल्युएशन बोर्ड सुरूच होत नाही : वीज वाटेत कुठे अडली ते शोधण्याचा क्रम

‘बोर्ड गेला बहुतेक’ असं म्हणत लोक माझ्या टेबलावर इव्हॅल्युएशन बोर्ड, म्हणजे एखादी चिप वापरून बघण्यासाठीचा तयार बोर्ड, आणून ठेवतात. त्यातले बरेचसे त्याच दिवशी चालू होऊन परत जातात. न्यूक्लिओ असो, ईएसपी३२ असो, अर्डुइनो ऊनो असो की रास्पबेरी पाय पिको, चिप जळलेली क्वचितच निघते. यूएसबीच्या तोंडापासून चिपच्या पिनेपर्यंत पोहोचायला विजेला केबल, पोर्ट, फ्यूज, जम्पर (दोन पिना जोडणारी काढता येणारी छोटी टोपी), रेग्युलेटर (व्होल्टेज हवं तेवढं कमी करून स्थिर ठेवणारा भाग) असे टप्पे ओलांडावे लागतात आणि यातल्याच एखाद्या टप्प्यावर घोडं अडलेलं असतं. ‘दिवा लागलाय म्हणजे वीज आहे’ या समजुतीपायी सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. दिवा जिथे बसवलाय तिथपर्यंत वीज आली, एवढंच त्यावरून कळतं. त्याच्या पुढचं आपल्यालाच तपासावं लागतं.

लक्षणं

आधी नेमकं काय दिसतंय ते कागदावर लिहा. चार गोष्टी बदलून झाल्यावर मूळ लक्षण काय होतं ते आठवत नाही, हा नेहमीचा अनुभव आहे.

– केबल लावली तरी एकही दिवा लागत नाही.
– दिवा लागतो, पण कॉम्प्युटरवर पोर्टच्या यादीत नवीन काहीच येत नाही.
– डीबगर (चिपमध्ये प्रोग्रॅम चढवणारा आणि तपासणारा भाग) सापडतो, पण ‘टार्गेट सापडत नाही’, म्हणजे मुख्य चिप सापडत नाही, असा संदेश येतो.
– प्रोग्रॅम चढतो, पण वाय-फाय किंवा मोटर चालू होताच बोर्ड रीसेट होतो.
– कॉम्प्युटरवर चालतो, चार्जरवर किंवा पॉवर बँकवर चालत नाही. किंवा थोडा वेळ चालून बंद पडतो.
– एका टोकाला जुनं चौकोनी तोंड असलेल्या केबलवर चालतो, दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर अजिबात नाही.
– यूएसबी काढली तरी दिवा मंद जळत राहतो.
– काहीतरी गरम होतंय, वास येतोय.

शेवटचं लक्षण असेल तर आत्ता केबल काढा आणि सरळ ‘इथे थांबा’ या भागाकडे जा.

सगळं काढून बोर्ड मोकळा करा

शील्ड (बोर्डवर बसवायचा जोडबोर्ड), सेन्सर, डिस्प्ले, ब्रेडबोर्डकडे जाणाऱ्या वायरी, बॅटरी, सगळं काढा. बोर्ड लाकडी टेबलावर किंवा कोऱ्या कागदावर ठेवा. तो ज्या चंदेरी पिशवीतून आला तिच्यावर ठेवून चालू करू नका, त्या पिशवीत धातूचा थर असतो. आता नुसता बोर्ड आणि केबल.

याला एक मिनिट लागतं आणि अर्धा प्रश्न सुटतो. मोकळा बोर्ड चालला, तर दोष बाहेरच्या जोडणीत आहे. मग एकेक वायर परत लावा आणि कुठल्या वायरीला बंद पडतो ते बघा. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, वायर लावल्यावर बंद पडला म्हणजे शॉर्टच आहे असं नाही. मूळ ईएसपी३२ मध्ये बोर्ड सुरू होण्याच्या क्षणी जीपीआयओ १२ ही पिन ३.३ व्होल्टकडे ओढली गेलेली असेल, तर चिप फ्लॅश मेमरीला ३.३ ऐवजी १.८ व्होल्ट देते आणि प्रोग्रॅम वाचताच येत नाही. सेन्सर उत्तम, वायर उत्तम, बोर्डही उत्तम, फक्त पिन चुकली. वायर दुसऱ्या पिनेवर न्या.

केबल

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत पहिला नंबर केबलचा. साध्या यूएसबी २.० केबलमध्ये चार तारा असतात : लाल आणि काळी विजेसाठी, हिरवी आणि पांढरी डेटासाठी. फक्त चार्जिंगसाठी बनवलेल्या केबलमध्ये हिरवी-पांढरी नसतेच. बाहेरून दोन्ही केबल अगदी सारख्या दिसतात. बोर्डवर दिवा लागतो, कॉम्प्युटरला मात्र काही दिसत नाही, आणि माणूस ड्रायव्हर टाकत-काढत बसतो. तीच केबल फोनला लावून कॉम्प्युटरवर फोनमधल्या फायली दिसतात का बघा. दिसल्या तर डेटाच्या तारा शाबूत आहेत. माझ्या खणात तपासलेल्या केबलींना हिरवी चिकटपट्टी लावलेली आहे आणि बोर्ड तपासताना दुसरी केबल मी हातात घेत नाही.

दुसरा दोष डोळ्यांना दिसत नाही. स्वस्त केबलमध्ये विजेच्या ताराही २८ गेजच्या, म्हणजे केसासारख्या बारीक असतात. अशा तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. वीज जाते एका तारेतून आणि परत येते दुसऱ्या तारेतून, त्यामुळे एक मीटर केबलला ०.४ ओहमच्या वर. अर्धा अँपिअर ओढला की ०.२ व्होल्ट केबलमध्येच गेले. तीन मीटरची केबल असेल तर ०.६ व्होल्ट. बोर्ड शांत असताना सगळं ठीक दिसतं आणि जोर लागला की कोसळतं, त्याचं कारण पुष्कळदा इतकंच असतं. केबल आखूड आणि जाड घ्या.

टाइप-सीचं दुखणं वेगळं. दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलवर समोरचं यंत्र आपणहून वीज सोडत नाही. बोर्डच्या टाइप-सी तोंडातल्या सीसी१ आणि सीसी२ पिनांवर ५.१ किलोओहमचे दोन रोधक ग्राउंडला जोडलेले दिसले, तरच ते ५ व्होल्ट देतं. काही स्वस्त बोर्डांवर हे रोधक बसवलेलेच नसतात. जुन्या चौकोनी पोर्टवर ५ व्होल्ट कायमच असतात, म्हणून तिथे तोच बोर्ड चालतो. हा बोर्डच्या रचनेतला दोष आहे, त्याला ए-टू-सी (एका टोकाला जुनं चौकोनी तोंड असलेली) केबल वापरणं हाच सोपा उपाय. उगाच सोल्डरिंग करू नका.

पोर्ट, हब, चार्जर

हब काढा, बोर्ड थेट कॉम्प्युटरला लावा. शक्यतो डेस्कटॉपच्या मागच्या बाजूच्या पोर्टला लावा, कारण पुढच्या पोर्टपर्यंत आत आणखी एक वायर गेलेली असते. यूएसबी २.० च्या नियमाप्रमाणे यंत्राची ओळख पटेपर्यंत त्याने १०० मिलिअँपिअरच ओढायचे असतात, ओळख पटून परवानगी मिळाली की ५०० पर्यंत. स्वतंत्र अडॅप्टर नसलेला हब चार पोर्टांत मिळून तेवढ्यातच भागवतो.

हा ओळखीचा भाग न्यूक्लिओ-६४ घेणाऱ्यांना हमखास चकवतो. त्या बोर्डवरचा डीबगर, म्हणजे एसटी-लिंक, आधी कॉम्प्युटरकडे ३०० मिलिअँपिअरची परवानगी मागतो, आणि ती मिळाल्यावरच मुख्य चिपकडची वीज सोडतो. फोनचा साधा चार्जर किंवा पॉवर बँक परवानगी देऊच शकत नाही. मग एसटी-लिंकचा एलडी१ हा दिवा लुकलुकत राहतो, विजेचा तांबडा एलडी३ लागतच नाही आणि बोर्ड मेलाय असं वाटतं. तो बरोबर वागतोय. कॉम्प्युटरशिवाय चालवायचा असेल तर ई५व्ही किंवा व्हीआयएन पिनेवरून वीज द्या.

पॉवर बँकवर थोडा वेळ चालून बंद पडणाऱ्या बोर्डचं कारण उलटं आहे. बोर्ड इतका कमी करंट ओढतो की पॉवर बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही, आणि ती स्वतःला बंद करते.

दिवे आणि जम्पर

बोर्डचं मॅन्युअल उघडा आणि कुठला दिवा कशाचा ते बघा. डीबगर अंगावरच असलेल्या बोर्डमध्ये खरं तर दोन बोर्ड असतात, एक डीबगरचा आणि एक तुमच्या चिपचा. दोघांना वीज वेगवेगळ्या वाटांनी जाते.

मध्यंतरी एका विद्यार्थिनीने न्यूक्लिओ आणला. एलडी१ लागलेला, एलडी३ लागलेला, कॉम्प्युटरवर एसटी-लिंक दिसतोय, पण चिप काही केल्या सापडत नाही. तीन केबली बदलून झाल्या होत्या, ड्रायव्हर दोनदा टाकून झाला होता. बोर्ड दिव्याखाली तिरपा धरला तेव्हा आयडीडी असं लिहिलेल्या जेपी६ च्या दोन पिना उघड्या चमकताना दिसल्या. आधीच्या प्रयोगात कोणीतरी चिपचा करंट मोजण्यासाठी तिथला जम्पर काढून मीटर लावला होता आणि नंतर जम्पर परत बसवलाच नाही. चिपकडे जाणारी सगळी वीज त्या दोन पिनांमधून जाते. खोक्याच्या कोपऱ्यात तो तांदळाएवढा काळा तुकडा सापडला, बसवला, आणि चिप पहिल्याच फटक्यात सापडली.

म्हणून जम्पर मॅन्युअलमधल्या चित्राशी एकेक ताडून बघा. न्यूक्लिओ-६४ वर जेपी५ यू५व्हीकडे असेल तर वीज यूएसबीतून येते, ई५व्हीकडे असेल तर बाहेरून. ई५व्हीवर ठेवून नुसती यूएसबी लावली की बोर्ड गप्प. सीएन२ चे दोन जम्पर काढलेले असतील तर डीबगर आतल्या चिपपासून तुटलेला असतो. जम्पर बसलेला असला तरी एकदा काढून पुन्हा दाबून बसवा, आतली पत्री सैल झालेली असते.

ड्रायव्हर आणि बूट

वीज आहे, डेटा केबल आहे, तरी पोर्ट दिसत नाही? यूएसबी-सीरियल चिपचं (यूएसबी आणि मुख्य चिप यांच्यात डेटा पोहोचवणाऱ्या छोट्या चिपचं) नाव भिंगाने वाचा. सीएच३४०, सीपी२१०२ किंवा एफटीडीआय यांपैकी जी असेल तिचा ड्रायव्हर तिच्या निर्मात्याकडूनच घ्या. लिनक्सवर पोर्ट दिसतो पण उघडत नाही, असं असेल तर तुमचं खातं डायलआउट ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत या. उबुंटू २२.०४ वर सीएच३४० चा पोर्ट क्षणभर येऊन गायब होत असेल, तर बीआरएलटीटी हा ब्रेल यंत्रांसाठीचा प्रोग्रॅम त्याला ब्रेल यंत्र समजून ताब्यात घेतोय. त्या कॉम्प्युटरवर ब्रेल यंत्र वापरत नसाल तर तो काढून टाका.

चिप खरोखर जिवंत आहे का हे पैसा न खर्चता बघायचं असेल तर तिच्या आतला बूटलोडर (नवा प्रोग्रॅम चढवून घेणारा छोटा प्रोग्रॅम) वापरा. पिकोवर बूटसेलचं बटण दाबून धरा आणि तसंच धरून यूएसबी लावा. आरपीआय-आरपी२ नावाचा ड्राइव्ह दिसला, तर केबल, पोर्ट, वीज आणि चिप या चारही गोष्टी एका झटक्यात ठीक ठरल्या. हा बूटलोडर कायमच्या मेमरीत कोरलेला असतो, चुकीच्या प्रोग्रॅमने तो बिघडत नाही. ईएसपी३२ वर प्रोग्रॅम चढवताना नुसतेच ठिपके येत राहिले तर बूटचं बटण दाबून धरा. न्यूक्लिओवरच्या एसटीएम३२ चिपमध्ये जुना प्रोग्रॅम चिपला लगेच झोपवत असेल किंवा डीबगच्या पिना दुसऱ्या कामाला लावत असेल, तर डीबगरच्या सेटिंगमध्ये ‘कनेक्ट अंडर रीसेट’ निवडा. यातल्या बऱ्याच चिपा मेलेल्या समजून बाजूला टाकल्या जातात, त्याचं वाईट वाटतं.

आता मल्टीमीटर

इथून पुढे मीटर हवा. साधा चालतो. डीसी २० व्होल्टच्या रेंजवर ठेवा.

मोजण्याआधी एक सूचना. ऊनोच्या हेडरवर, म्हणजे वायरी खोचायच्या भोकांच्या पट्टीवर, ३.३ व्होल्ट आणि ५ व्होल्टच्या पिना एकमेकींना चिकटून आहेत. मीटरच्या प्रोबचं टोक तिथे घसरलं आणि दोन्हींना एकदम टेकलं, तर ३.३ च्या लाइनवर ५ व्होल्ट गेले. चांगला बोर्ड तपासता तपासता असा जातो. मी हेडरच्या भोकात एक जम्पर वायर खोचते आणि तिच्या मोकळ्या टोकाला प्रोब लावते. ग्राउंडलाही तसंच. हात मोकळे राहतात आणि घसरायचा प्रश्न येत नाही.

आधी ५ व्होल्टची पिन मोजा. ४.७५ ते ५.२५ छान. ईएसपी३२ च्या बऱ्याच बोर्डांवर आणि पिकोच्या व्हीएसवायएस पिनेवर वाटेत थोडं व्होल्टेज खाणारा शॉटकी डायोड असतो, तिथे थोडं कमी दिसणं स्वाभाविक आहे. शून्य आलं, पण केबल आणि पोर्ट ठीक आहेत, तर ऊनोसारख्या बोर्डवर ५०० मिलिअँपिअरच्या फ्यूजचा संशय घ्या. हा फ्यूज तापला की रोध वाढवून वीज रोखतो आणि थंड झाला की पूर्ववत होतो. केबल काढा, काही मिनिटं थांबा, परत बघा. थंड झाल्यावर चालला आणि थोड्या वेळाने पुन्हा बंद पडला, तर कुठेतरी खूप जास्त करंट ओढला जातोय. फ्यूज बदलून हे सुटणार नाही.

मग ३.३ व्होल्टची पिन. ३.२ ते ३.४ च्या आत हवी. ५ ठीक आणि ३.३ कमी, तर एक तर रेग्युलेटर थकलाय किंवा त्याला पुरेसं मिळत नाही. एएमएस१११७ हा खूप बोर्डांवर असणारा रेग्युलेटर पूर्ण भार असताना स्वतःसाठी एक व्होल्टहून थोडं जास्त खातो. म्हणजे ३.३ हवे असतील तर त्याला ४.४ च्या वर काहीतरी द्यायला हवं. ३.७ व्होल्टची लिथियम बॅटरी ५ व्होल्टच्या पिनेवर लावून ‘वाय-फाय का तुटतं’ असं विचारणाऱ्यांचं उत्तर या हिशेबात आहे.

जास्त दिलं तरी त्रासच. ऊनोच्या गोल जॅकला ७ ते १२ व्होल्ट चालतात, पण १२ दिले आणि बोर्ड २०० मिलिअँपिअर ओढत असेल, तर ७ व्होल्ट गुणिले ०.२ म्हणजे १.४ वॅट नुसती उष्णता होते. एवढ्याशा रेग्युलेटरला ती जड जाते आणि तो मध्येच बंद पडतो. मी ७.५ ते ९ व्होल्ट देते.

भार आला की रीसेट

ईएसपी३२ च्या सीरियल मॉनिटरवर (बोर्डचे संदेश दाखवणाऱ्या कॉम्प्युटरवरच्या खिडकीत) ब्राउनआउटचा, म्हणजे व्होल्टेज खाली गेल्याचा, संदेश येत असेल तर कोडमध्ये चूक शोधू नका, आणि ब्राउनआउट डिटेक्टर बंद करण्याचा सल्ला तर मुळीच ऐकू नका. तो बंद केला की चिप अपुऱ्या व्होल्टेजवर चालत राहते आणि मग फ्लॅशमध्ये भलतंच काही लिहिलं जाऊ शकतं. वाय-फायने प्रक्षेपण सुरू केलं की ही चिप क्षणभर २४० मिलिअँपिअरच्या आसपास ओढते. निर्माते पुरवठा किमान ५०० चा ठेवायला सांगतात. मीटर हा क्षणिक खड्डा दाखवत नाही, तो सरासरी दाखवतो. मीटरवर ३.३ दिसतं म्हणून पुरवठ्याला निर्दोष ठरवू नका. केबल बदला, पोर्ट बदला, नाही भागलं तर ३.३ व्होल्ट आणि ग्राउंडच्या मध्ये १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, धन-ऋण बाजू नीट बघून. चौकोनी ९ व्होल्टची छोटी बॅटरी या कामाची नाही, इतका करंट मागितला की तिचं व्होल्टेज बसतं.

मोटर, सर्व्हो, लांब एलईडी पट्टी यांना बोर्डवरून वीज देऊ नका. त्यांचा पुरवठा वेगळा, ग्राउंड मात्र एकत्र. ग्राउंड जोडायचं विसरलं की सिग्नलला परतीची वाट उरत नाही आणि सगळं अधूनमधून चालतं.

दोन पुरवठे एकाच वेळी ५ व्होल्टच्या पिनेवर आणू नका. न्यूक्लिओला बाहेरून वीज द्यायची तर क्रम ठरलेला आहे : जेपी५ ई५व्हीकडे, जेपी१ काढलेला, मग बाहेरची वीज चालू, एलडी३ लागल्याची खात्री, आणि सगळ्यात शेवटी यूएसबी.

आता ते मंद जळणाऱ्या दिव्याचं लक्षण. यूएसबी काढली, तरी सीरियल अडॅप्टर दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडलेला असेल, तर त्याच्या सिग्नलच्या तारेतून वीज चिपच्या पिनेत शिरते आणि आतल्या संरक्षक डायोडमधून ३.३ च्या लाइनवर चढते. तिथे अडीच-पावणेतीन व्होल्ट दिसतात. चिप धड जागी नसते, धड झोपलेली नसते, वीज काढून परत दिली तरी रीसेट होत नाही. अशा वेळी सगळ्या सिग्नल तारा काढून मगच वीज द्या. अडॅप्टर ५ व्होल्टचा असेल तर ईएसपी३२ आणि पिकोच्या पिनांना तो लावूच नका, त्या ३.३ व्होल्टच्याच आहेत.

शॉर्ट आहे का

शेवटची तपासणी. यूएसबी, बॅटरी, अडॅप्टर सगळं काढा आणि मीटर ओहमवर ठेवून ३.३ व्होल्ट आणि ग्राउंडमधला रोध मोजा. आकडा हळूहळू चढताना दिसला तर कपॅसिटर भरताहेत, घाबरायचं कारण नाही. बझर क्षणभर वाजून थांबला तरी तेच. चार-पाच ओहमवर आकडा अडकून राहिला तर शॉर्ट आहे. भिंगातून पिनांमध्ये सोल्डरचा थेंब किंवा वायरचा केस अडकलाय का बघा. दिसला आणि सहज निघण्यासारखा असेल तर चिमट्याने काढा, पुन्हा मोजा. काही दिसलं नाही तर तुमचं काम इथे संपलं.

इथे थांबा

पुढच्या गोष्टी घरी करू नका, दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञाकडे जा.

वीज देताच काही सेकंदांत चिप किंवा रेग्युलेटरला बोट लावता येत नाही, किंवा जळका वास आला. ‘एकदा परत लावून बघू’ हा मोह टाळा, दुसऱ्या वेळी कॉम्प्युटरचा पोर्टही जाऊ शकतो.

कॉम्प्युटरने यूएसबीवर जास्त करंटची सूचना देऊन पोर्ट बंद केला आणि पुन्हा सुरू केल्यावरही तो पोर्ट उघडत नाही. आता बोर्ड नाही, कॉम्प्युटर दाखवायला न्या.

लिथियम बॅटरी फुगली, तर ती दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका. पेट घेणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि बॅटरी गोळा करणाऱ्या केंद्राकडे द्या.

अडॅप्टरच्या आत दोष वाटतोय. तो उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणं व्होल्टेज उरलेलं असतं. बदला.

मुख्य चिप बदलायची वेळ आली. अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरावरच्या पिना साध्या सोल्डरिंग आयर्नने उपटायला गेलात तर खालचे पॅड उचकटतात, आणि दुरुस्त होणारा बोर्ड निकामी होतो. हॉट एअर आणि मायक्रोस्कोप ज्याच्याकडे आहे त्याचं हे काम. बोर्ड वॉरंटीत असेल किंवा संस्थेचा असेल तर सोल्डरिंग आयर्न हातात घेण्याआधीच विचारा.

तंत्रज्ञाकडे जाताना सुरुवातीला लिहिलेला तो कागद बरोबर न्या : लक्षण काय होतं, मोकळ्या बोर्डवर ५ आणि ३.३ च्या पिनेवर किती व्होल्ट आले, बंद असताना रोध किती होता, बंद पडण्याआधी शेवटचं काय जोडलं होतं. आणि वापरत होतात ती केबलही सोबत द्या.